बोटुकल्यांच्या पोटातलं तेल

मत्स्यपालन केंद्रावर सगळे त्यांना बेकरीवहिनी म्हणायचे, कारण तिथे येण्याआधी चौदा वर्षं त्यांनी एका बेकरीत पीठ मळलं होतं. बेकरी बंद पडली तेव्हा वहिनींचं वय बेचाळीस होतं आणि मनगटं अशी, की घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडायला गल्लीतले पुरुषही त्यांच्याकडे यायचे. घरी तिघंच. नवरा शिंपी, बाहेरच्या खोलीत मशीन टाकून बसलेला. सासूबाईंची नजर गेली होती, पण जीभ आणि नाक दोन्ही शाबूत होती. केंद्रावर काम मिळाल्याचं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जन्मभर मासे खाल्ले आपण. आता जा, त्यांना खाऊ घाल. तेवढीच फेड."

केंद्र खाडीच्या काठावर होतं. भरतीचं खारं पाणी आत घेणारी सहा तळी, त्यांच्या अलीकडे पत्र्याची लांब शेड, आणि शेडमध्ये गोल टाक्यांत बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पिल्लं. रुपेरी अंगाचा, समुद्रातला मासा. टाक्यांत दोन-अडीच महिने वाढवून त्यांना तळ्यात सोडायचं, असा क्रम. शेडच्या टोकाला खाद्यखोली होती. तिथे माशाची भुकटी, पीठ, जीवनसत्त्वांची पूड आणि तेल एकत्र मळायचं, जाळीच्या साच्यातून दोऱ्यांसारखं काढायचं, ट्रेमध्ये वाळवायचं आणि बोटुकल्यांच्या तोंडाच्या मापाने मोडायचं. हे काम वहिनींचं.

त्यांना ते परकं वाटलं नाही. बेकरीत बिस्किटांच्या पिठाला मोहन घालायचं काम त्यांच्याचकडे होतं. मूठ आवळली की पीठ मुठीच्या आकारात उभं राहिलं पाहिजे. फुटलं तर तूप कमी, बोटांना माखलं तर जास्त. खाद्याचंही त्या तसंच बघायच्या. साहेबांच्या वहीत काय लिहिलंय ते नंतर.

साहेब म्हणजे केंद्राचे व्यवस्थापक. सडपातळ, कायम घाईत, गळ्यात दोरीने अडकवलेला तापमापक. माणूस वाईट नव्हता, पण एका वेळी दहा गोष्टी डोक्यात घेऊन फिरायचा आणि त्यातल्या नऊ पाण्याबद्दल असायच्या.

दुसऱ्या वर्षी माशाचं तेल यायचं बंद झालं. पुरवणाऱ्यानेच हात वर केले. त्याच्या जागी वनस्पती तेलाचं पिंप आलं, आणि माशाची भुकटी कमी करून सोयाबीनचं पीठ वाढवलं गेलं. बोटुकल्यांनी ते बिनतक्रार खाल्लं. कुणाच्या मनात काही आलं नाही.

मग तळ्यात सोडायचा दिवस उजाडला. जाळीवाल्यांनी पहिल्या टाकीत जाळं घातलं, उचललं, आणि बोटुकल्यांनी अंग ताठ केलं, कल्ले फाकवले आणि त्या भराभर पोट वर करून उलटल्या. काही पाण्यात परत सोडल्यावर सावरल्या. बऱ्याचशा बुडाशी जाऊन पडल्या त्या पडल्याच. चार हजारांतल्या तेराशे दिवस मावळायच्या आत गेल्या.

जाळीवाले म्हणाले, पाणी वाईट. केंद्रावरचा पाणी तपासणारा म्हणाला, जाळी खरबरीत. साहेब म्हणाले, ऊन. महिन्याभराने पाणी बदललं, जाळी बदलली, ढगाळ दिवस निवडला. पुन्हा तेच.

त्या दुसऱ्या खेपेला वहिनी खाद्यखोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या ध्यानात आलं की अगदी कोपऱ्यातल्या टाकीतली एकही बोटुकली उलटी झाली नाही. ती टाकी लांब, म्हणून जुन्या खाद्याची तीन पोती तिथेच पडून होती आणि तीच तिथे घातली जात होती. जुनी पोती म्हणजे माशाच्या तेलाची.

वहिनी तडक साहेबांकडे गेल्या.

"साहेब, जाळीचं नाही आणि उन्हाचंही नाही. हे तेलाचं आहे."

साहेबांनी वही उघडली. "वहिनी, तेल म्हणजे तेल. हे बघा, शंभरात दहा भाग तेव्हाही होतं, आताही आहे."

"लोण्याच्या जागी दुसरं काही घातलं तरी बिस्किटाचं वजन तेवढंच भरतं. पण गिऱ्हाईक पहिल्या घासाला ओळखतं."

"मासे काही गिऱ्हाईक नाहीत."

"मग कोण आहेत?"

साहेब हसले आणि फोन घ्यायला वळले.

आता इथे वहिनींनी चूक केली. नवं तेल हलकं असेल, तर जास्त घालू, असा हिशोब त्यांनी मनाशी केला. कुणाला न विचारता एका टाकीच्या खाद्यात दहाचे अठरा भाग करून टाकले. पंधरा दिवसांत बोटुकल्या गुबगुबीत दिसायला लागल्या. वहिनी खूश. नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, अंग धरलंय."

"माझ्या मापाची पट्टी पाठवू का?" नवरा म्हणाला.

पुढच्या खेपेला जाळं उचललं तेव्हा सगळ्यात जास्त त्याच टाकीतल्या उलटल्या. साहेबांनी दोन-चार कापून पाहिल्या. काळीज, म्हणजे यकृत, तांबूस असायला हवं, ते भिजलेल्या मैद्यासारखं पांढरट झालं होतं आणि आतड्यांभोवती चरबीचा थर होता. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ह्या टाकीला काय घातलं होतं?"

वहिनी पुढे झाल्या. "मी तेल वाढवलं होतं. कुणाला विचारलं नाही."

खाद्यखोलीच्या किल्ल्या गेल्या. महिनाभर टाक्या घासायचं काम मिळालं. खाऱ्या पाण्याने वहिनींच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. घरी भांडी घासताना त्या ओठ चावायच्या. सासूबाईंना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"कुणी सांगितलं होतं नसता उपद्व्याप करायला?" त्या म्हणाल्या. "दिलेलं काम करावं, घरी यावं."

"आई, ती कोपऱ्यातली टाकी मी डोळ्यांनी बघितली आहे."

"बरं बाई, बघितली आहेस. हातांना काहीतरी लाव आधी."

टाक्या घासण्याचा एक फायदा झाला. दिवसभर तोंड बोटुकल्यांकडे. कुठली कशी पोहते, कुठली टाकीच्या कडेला बोट वाजलं तर दचकून गिरकी घेते आणि कुठली दचकून आडवी होते, हे वहिनींना कळायला लागलं. आणि दर दोन आठवड्यांनी पाणी तपासायला संशोधन केंद्रातून एक तरुण मॅडम यायच्या, त्यांच्याशी बोलता यायला लागलं. पहिल्या दिवशी वहिनींनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि सरळच विचारलं.

"मॅडम, माशाचं तेल आणि झाडाचं तेल, पोटात गेल्यावर फरक काय पडतो?"

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "हे तुम्हाला कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही. ह्याच्यापायीच टाक्या घासतेय."

मग मॅडम टाकीच्या कठड्यावर टेकल्या आणि त्यांनी समजावलं. चरबी नुसती ताकदीसाठी लागत नाही. तिचे प्रकार असतात. माशाच्या तेलात एक खास चरबी असते. ती मेंदूला लागते, डोळ्यांना लागते, शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला लागते. ती नसेल तर पिल्लू जगतं, वाढतंही, पण धक्का सोसत नाही. नदीतले बरेच मासे झाडाचं तेल खाऊन त्यातून ही चरबी अंगात बनवू शकतात. समुद्रातल्या माशांना ती खाण्यातून पिढ्यान् पिढ्या मिळत आली, त्यामुळे बनवायची कला त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच.

"म्हणजे आयतं खायची सवय," वहिनी म्हणाल्या. "आमच्या धाकट्या दिरासारखी."

मॅडम हसल्या. "तसंच समजा."

"मग घालायचं किती? कमी पडलं तर असं होतं, जास्त झालं तर काळीज पांढरं पडतं, ते मी करूनच बसलेय."

"ह्या जातीला, ह्या वयात, ह्या खारटपणात किती लागतं, ते कुणी मोजल्याचं निदान माझ्या वाचनात नाही."

"मग आपण मोजू."

मॅडमना वाटलं, बाई बोलण्याच्या ओघात बोलल्या. पुढच्या भेटीला त्या आल्या तेव्हा वहिनींनी शेडच्या मागे पडलेली बारा प्लास्टिकची पिंपं रांगेत उभी करून ठेवली होती. त्यांतल्या सात पिंपांना ठिगळं होती. आदल्या दिवशी त्या साहेबांकडे जाऊन आल्या होत्या.

"एकदा हात पोळले ते पुरे नाही झालं का, वहिनी?" साहेबांनी विचारलं होतं.

"तेव्हा चोरून केलं, साहेब. आता सांगून करतेय. मॅडम शिकवतील तसं करीन."

"कामाच्या वेळेत नाही."

"सकाळी दीड तास आधी येईन. दुपारची सुट्टी माझी आहे."

"आणि नवीन सामान मागायचं नाही."

"पिंपं भंगारातलीच घेतलीत."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण शंभर-दोनशे नव्हे, तीनशे साठ बोटुकल्या दिल्या आणि खाद्यखोलीच्या किल्ल्याही परत केल्या. त्यांनाही मेलेल्या बोटुकल्यांच्या बादल्या मोजून वीट आला होता.

मॅडमनी आखणी करून दिली. चार प्रकारचं खाद्य, प्रत्येकाला तीन पिंपं, पिंपात तीस बोटुकल्या. एका खाद्यात माशाचं तेल अगदी कमी. दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात भरपूर. चौथ्यात मध्यमच, पण सगळं झाडाचं. बाकी सगळं हुबेहूब सारखं. एकाच पिंपावर विश्वास का ठेवायचा नाही, हे वहिनींना समजवायला लागलं नाही. एकाच भट्टीत मागच्या फळीवरचा पाव वेगळा भाजतो हे त्यांना ठाऊक होतं. माशाचं तेल मॅडमनी मासे साफ करण्याच्या एका कारखान्यातून डबाभर मिळवून दिलं.

बोटुकल्या उड्या मारतात, म्हणून पिंपांवर जाळी हवी होती. नवऱ्याने जुन्या मच्छरदाणीच्या बारा गोल टोप्या शिवून त्यांना इलॅस्टिक लावलं. "आजवर माणसांचे कपडे शिवले," तो म्हणाला, "आता पिंपांना कुंच्या. पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे."

चार आठवडे बरे गेले. पाचव्यात भरपूर तेलाच्या पिंपांतल्या बोटुकल्या खाणं टाकायला लागल्या. पर फाटायला लागले. मग मध्यम तेलाच्याही. रोज दोन-तीन मरायच्या. झाडाच्या तेलाच्या मात्र ठणठणीत. साहेब येऊन बघून गेले. "वहिनी, तुमचं माशाचं तेलच मारतंय त्यांना," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

त्या दुपारी वहिनी घरी जेवायला गेल्या आणि ताट वाढून घेऊन नुसत्याच बसल्या. सासूबाई शेजारी होत्या. त्यांनी नाक वर केलं.

"काय गं, खवट तेलात हात घालून आलीस?"

"खवट कुठलं? माशाच्या तेलाला वास असतोच, आई."

"माशाचा वास मला शिकवू नकोस. हा माशाचा नाही. हे तेल मेलेलं आहे."

वहिनी ताट तसंच ठेवून उठल्या. खाद्यखोलीत गेल्या. तेलाचा डबा खिडकीखाली होता. रोज दुपारी तिथे ऊन यायचं, आणि झाकण वरवर ठेवलेलं. रोज त्याच वासात वावरून त्यांच्या नाकाला फरक कळेनासा झाला होता. त्यांनी बाटलीत थोडं तेल घेतलं आणि मॅडमकडे पाठवलं. दोन दिवसांनी निरोप आला. तेल पुरतं खवट झालंय. असलं तेल पिल्लांना विषासारखंच. हा प्रयोग धरता येणार नाही.

साहेब म्हणाले, "झालं ते झालं. आता पुरे करा."

वहिनींच्या हातात बारा पिंपांची वजनांची वही होती, पाच आठवड्यांची, सगळी पानं भरलेली.

"पाव बसला म्हणून कुणी भट्टी मोडत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "पुन्हा मळायचं."

"तुमचा हट्ट आहे हा."

"आहे ना."

दुसऱ्या खेपेला नवीन तेल छोट्या काळ्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून बर्फाच्या पेटीत ठेवलं. खाद्य आठवड्याला लागेल तेवढंच करायचं ठरलं. दर रविवारी उघडायची ती बाटली आधी घरी जायची. सासूबाई बुचाला नाक लावायच्या, जरा थांबायच्या आणि निवाडा द्यायच्या, "जिवंत आहे. ने." एकदा त्यांनी नाक मुरडलं, आणि वहिनींनी ती बाटली पुढचा-मागचा विचार न करता ओतून दिली. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनीही दोन बाटल्या वास घ्यायला पाठवल्या, एक चांगली आणि एक जुनी, कुठली कुठली ते न सांगता. सासूबाईंनी बरोबर ओळखली. वर निरोप पाठवला, "मॅडमला सांग, परीक्षा द्यायला मी काही शाळेत जात नाही."

आठ आठवडे वहिनी सकाळी उजाडता उजाडता केंद्रावर पोचायच्या. खाद्य वजन करून, चिमूट चिमूट टाकून, उरलेलं नळीने ओढून घेऊन पुन्हा मोजायचं. दर पंधरवड्याला एकेक बोटुकली ओल्या फडक्यात धरून काट्यावर. नणंदेच्या मुलीच्या लग्नाला त्या सकाळची वजनं उरकून गेल्या आणि जेवणाची पंगत उठायच्या आत परतल्या. नणंदबाई फणकारल्या, "आम्हाला पर नाहीत ना फुटलेले, म्हणून." सहाव्या आठवड्यात वहिनींना ताप आला, तर नवरा मशीन बंद करून आला आणि दारात खुर्चीवर बसलेल्या वहिनी सांगतील तसं त्याने बारा पिंपांना खाद्य घातलं. गज-टेपवाल्या माणसाचा हात मोजमापाला चांगला होता, हे वहिनींनी कबूल केलं.

मग परीक्षेचा दिवस आला. प्रत्येक पिंपातल्या बोटुकल्या जाळीत उचलायच्या, एक मिनिट हवेत धरायच्या, परत सोडायच्या आणि उलट्या होऊन न सावरणाऱ्या मोजायच्या. मॅडम आल्या. जाळीवाले काम टाकून आले. साहेबांनी घड्याळ स्वतःच्या हातात घेतलं. जाळी वहिनींनी धरली.

कमी तेलाच्या नव्वदांतल्या एकतीस उलटल्या. भरपूर तेलाच्या चौदा. झाडाच्या तेलाच्या अठ्ठावन्न. ह्याच बोटुकल्या आठ आठवडे ठणठणीत दिसत होत्या. मध्यम तेलाच्या पहिल्या पिंपाची जाळी वहिनींनी उचलली आणि कोपर पिंपाच्या काठावर टेकवलं. मिनिट भरलं. जाळी बुडाली. तीसच्या तीस बोटुकल्या सरळ होऊन पळाल्या. दुसऱ्या पिंपात एक उलटली, तिसऱ्यात एक.

मग साहेबांनी घड्याळ मॅडमच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ज्यात एकही उलटली नाही, त्या पिंपात पुन्हा जाळी घालायची. माझ्या हाताने." तासाभराने त्यांनी स्वतः जाळी धरली. पुन्हा तीसच्या तीस. साहेब ओल्या हातांनीच वहिनींना म्हणाले, "मी वहीत बघत होतो. टाकीत बघायला हवं होतं."

"मीही आधी अठरा भाग ओतलेच की," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी काही बोटुकल्या कापल्या. मध्यम तेलाच्यांचं काळीज तांबूस, नीट. भरपूर तेलाच्यांचं फिकट, आणि वजनही मध्यमपेक्षा जास्त नाहीच. जास्तीचं तेल नुसतं आतड्यांभोवती साठलेलं.

पण प्रश्न सुटला नव्हता. माशाचं तेल एवढं आणायचं कुठून? मॅडमना वाटत होतं, एक वर्ष थांबावं. वहिनींनी त्याच आठवड्यात पिंपं धुतली आणि तिसरी खेप लावली. तेल एकूण मध्यमच, पण त्यात माशाचं पाऊण, निम्मं आणि पाव. पावात पुन्हा उलटायला लागल्या. निम्म्यात जवळपास पहिल्यासारख्याच राहिल्या. निम्म्या तेलाची सोय करता येण्यासारखी होती. त्या कारखान्यात जी डोकी आणि आतडी फेकली जात होती, ती ताजी असतानाच उकळून तेल काढायचं साहेबांनी ठरवून घेतलं. काळ्या बाटल्यांच्या जागी काळे डबे आले आणि डब्यांना सावलीतली, बर्फाला लागून असलेली जागा मिळाली.

पुढच्या मोसमात चार हजार बोटुकल्या तळ्यात सोडल्या. दिवसअखेर मेलेल्या निघाल्या सव्वीस. जाळीवाल्यांतला सगळ्यात जुना, जो पहिल्यापासून पाण्याला दोष देत होता, त्याने त्या सव्वीस स्वतः मोजल्या, वहिनींच्या दारात आला आणि म्हणाला, "वहिनी, पाणी तेच आहे हां." वहिनींनी मान डोलावली आणि त्याला चहा दिला.

मॅडमनी ह्या सगळ्याचा अहवाल लिहिला. त्यात वहिनींचं नाव त्यांनी स्वतःच्या नावाच्या आधी घातलं. वहिनींनी तो घरी नेऊन नवऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "माझ्या नाकाचं कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी वहिनींनी मॅडमना फोन केला. अहवालाच्या शेवटी आभाराची एक ओळ वाढली.

आता वहिनी खाद्यखोलीच्या प्रमुख आहेत. सध्या त्यांच्यासमोर वेगळंच काम आहे. बोटुकल्यांच्या आधीची अवस्था, अंड्यातून निघून जेमतेम दोन आठवडे झालेली पिल्लं. तोंड एवढंसं की खाद्याचा कण पिठापेक्षा बारीक लागतो, आणि इतक्या बारीक कणातलं तेल पाण्यात सुटून जातं, पिल्लाच्या पोटात पोचतच नाही. दोनदा फसलंय. तिसरं मिश्रण वहिनींनी परवा सकाळी मळायला घेतलं.